खळीची पातेली आणि बिनशेपटीची मगर

मित्रांनो, सगळा जन्म स्वयंपाकघरात काढूनही जिच्यात कुणी कधी घोटभर दूधसुद्धा तापवलं नाही, अशी एक जुनी पातेली मी आहे. माझ्या फळीवरच्या बाकीच्या भांड्यांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. कुणात पाहुण्यांचा चहा उकळला, कुणात आजाऱ्यासाठी सूप शिजलं. माझ्यात जन्मभर एकच पदार्थ शिजला. खळ. कागद चिकटवायची मैद्याची खळ. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. मलाही येतं. माझा तळ जरा गोल आहे, त्यामुळे हसताना मी डुलते.

तळ गोल कसा झाला तेही सांगते. कारखान्यात आम्हा पातेल्यांचा जन्म फार झटपट होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची गोल चकती यंत्राखाली ठेवतात, यंत्र धप्पकन खाली येतं आणि पातेली तयार. माझ्या पाळीला यंत्रावरच्या माणसाला शिंक आली. चकती सरकली आणि माझ्या तळाला पोट सुटलं. असली पातेली विकणार कुणाला? दुकानदाराने मला डब्यांच्या एका संचाबरोबर फुकट देऊन टाकलं. "ही घेऊन जा, फुकट आहे." माझ्याबद्दल माणसांनी काढलेले हे पहिले शब्द.

तो संच एका बेकरीवाल्याने घेतला. सगळी मुलं त्यांना पावकाका म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. काकांनी मला घरी आणून शेगडीवर ठेवलं. मी डुलले. ते म्हणाले, "ही दूध सांडेल. हिला बेकरीत नेतो, पीठ मोजायला होईल."

"बेकरीत बिकरीत काही नाही," त्यांची बायको म्हणाली. "ही माझी."

त्या बालवाडीत शिकवायच्या. तिथे त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी नखाला लावायचा लाल रंग आणला आणि माझ्या पोटावर एक ठळक फुली काढली. फुलीचा अर्थ असा, की हिच्यात खायचं काही करायचं नाही. एखाद्या पातेलीसाठी हा केवढा अपमान, सांगा! पण पुढे मला कळलं, की त्या घरात इतक्या भांड्यांमध्ये स्वतःची खूण असलेली मी एकटीच होते.

आमचा कामाचा दिवस ठरलेला होता. गुरुवारी संध्याकाळी खळ शिजायची, शुक्रवारी सकाळी मुलांच्या हाती लागायची. काकांना पहाटे भट्टी पेटवावी लागे, त्यामुळे दिवेलागणीलाच ते घोरायला लागत. त्यांनी डोळे मिटले की बाई मला फळीवरून काढत. आधी गार पाणी, मग त्यात मैदा. उलटं केलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मग मंद आचेवर लाकडी चमच्याने ढवळायचं. आधी पाणचट असतं, मग दुधासारखं दिसतं, मग एकदम घट्ट होऊन फदफदतं. फदफदायला लागलं की गॅस बंद.

आणि मग बाई एक गंमत करत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड चांगला येतो. काका तिथेच आरसा टेकवून दाढी करत, आणि दाढीनंतर गालावर फिरवायची तुरटीची वडी तिथेच एका बशीत ठेवत. बाई हळूच ती वडी उचलत, सुरीने खालच्या बाजूने थोडी खरवडत आणि ती पूड माझ्यात टाकत. वडी पुन्हा होती तशी बशीत. तुरटीने खळ आंबत नाही. पण बाईंचं खरं कारण वेगळं होतं. तुरटी घातलेली खळ मुलं एकदा चाटतात, तोंड वेडंवाकडं करतात आणि पुन्हा तिच्या वाटेला जात नाहीत.

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते दर काही महिन्यांनी दुकानदाराशी भांडून येत.

"तुरटी भेसळीची देतो मेला! बघता बघता संपते."

"तुमची दाढीच राठ आहे," बाई म्हणत. "दगडसुद्धा झिजेल."

काका गालावरून हात फिरवत आणि थोडे खूशच होत.

खळीवर मात्र त्यांचा राग होता. "मैद्याचा ब्रेड होतो, बिस्किटं होतात, केक होतो. आणि तू त्याचा चिखल करतेस. मैद्याचा अपमान आहे हा!"

"तुमचा केक एका दिवसात संपतो. माझा चिखल वर्षभर भिंतीवर टिकतो," बाई म्हणत.

मित्रांनो, बालवाडीतले ते शुक्रवार काय सांगू! बाई मला फडक्यात गुंडाळून पिशवीतून नेत. मी टेबलावर बसले की लहान लहान बोटं माझ्यात बुडत. रंगीत कागदाच्या पट्ट्यांच्या साखळ्या, कागदी थाळीचे मुखवटे, जुन्या पाकिटांचे पक्षी. बाई कात्री फारशी देत नसत. म्हणत, "लहान हातांना फाडणं चांगलं येतं. तेच करू दे." खळ कागदाला लागे, तशीच टेबलाला, केसांना आणि शेजाऱ्यालाही लागे. एकदा दोन जुळ्या बहिणींचे हात एकमेकींना चिकटले. त्या तशाच घरी गेल्या, कारण त्यांना ते आवडलं होतं.

त्या वर्गात गुंडी नावाची एक मुलगी होती. तिची आई शिवणकाम करायची. गुंडी दिसेल ती वस्तू तोंडात घालायची. एकदा तिने आईच्या डब्यातली शर्टाची गुंडी गिळली, तेव्हापासून तिचं नाव गुंडी पडलं. तिची आईच सांगायची, "हिला जग बघता येत नाही हो, चाखावं लागतं." दर शुक्रवारी गुंडी खळीत बोट बुडवून चाटायची, डोळे मिटायची, गाल आत ओढायची आणि मग कामाला लागायची. दर शुक्रवारी. तिला वाटत असावं, कधीतरी चव बदलेल.

त्या वर्षी बाईंनी मोठं काम काढलं. वर्गाच्या लांब भिंतीवर कागदाची मगर. हिरवे कागद फाडून प्रत्येकाने खवले चिकटवायचे. पाकिटांच्या पांढऱ्या कागदाचे दात झाले. मगरीचं तोंड दारापाशी होतं आणि पोट खिडकीखालून पुढे चाललं होतं. पोटाचा शेवटचा खवला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता पुढच्या आठवड्यात शेपटी."

पुढच्या आठवड्यात बाई दवाखान्यात होत्या. तिथून त्या परत आल्या नाहीत. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. पातेलीला कुणी दवाखान्यात नेत नाही.

काकांनी बेकरी पुतण्याच्या हवाली केली. म्हणाले, पहाटे उठवणारं कुणी राहिलं नाही. ते दिवसभर खिडकीपाशी बसत. मी फळीवर उपडी पडून होते. माझ्यावर धूळ बसली. एक कोळी माझ्या कडेला राहायला आला आणि त्याचाही संसार वाढला.

मग काकांची थोरली बहीण आली. आक्का. त्यांना आवराआवर केल्याशिवाय करमत नसे. त्यांनी मला खाली काढून फुलीकडे बघितलं.

"हे काय रे? हिला कुणी नापास केलं?"

"ती खळीची आहे. ठेव ती."

"तळाला पोट आलंय. भंगारात चार पैसे तरी येतील."

"आक्का, माझ्याही पोटाकडे बघ. मलाही देणार का भंगारात?"

"तुला घेतंय कोण!" आक्का म्हणाल्या. पण त्यांनी मला परत फळीवर ठेवलं. आणि त्या दिवशी काका कितीतरी दिवसांनी थोडं जेवले.

असेच दिवस चालले होते. एकदा दारावर टकटक झाली. बालवाडीच्या मोठ्या बाई आल्या होत्या, म्हणजे तिथल्या मुख्य. ताठ चालीच्या, ताठ बोलणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांना बोलायला सुरुवात सापडत नव्हती.

"काका, ती मगर…"

"काय झालं तिला?"

"शेपटी नाही ना तिला. मी दुकानातून डिंकाच्या ट्यूब आणल्या. पहिल्याच दिवशी मुलांनी सगळ्या पिळून टाकल्या. अर्ध्या टेबलावर, अर्ध्या एकमेकांच्या पाठीवर. टेबलावरचं पुस्तक चिकटून गेलंय, उघडतच नाही. दुसऱ्या कुणी शेपटी लावायची म्हटली तरी मुलं हटून बसतात. म्हणतात, बाईंची खळ आणा."

काकांनी स्टूल पुढे सरकवलं, पण त्या बसल्या नाहीत.

"पुढच्या शनिवारी पालकांचा मेळावा आहे. त्यानंतर भिंती रंगवायला काढणार आहोत. मगर पुरी झाली तर ती भिंत मी सोडायला सांगेन. पण अर्धवट मगर मी पालकांना दाखवणार नाही, काका. बाईंनी कधी कुठलं काम अर्धवट ठेवलं नव्हतं. लोकांनी तेवढंच बघून जावं हे मला चालणार नाही. शुक्रवारपर्यंत झाली नाही तर मी ती उतरवून ठेवेन."

"उतरवल्यावर ती राहील का?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "कागद आहे काका. फाटणारच."

काका उठले. त्यांनी मला फळीवरून काढलं, कोळ्याला खिडकीबाहेर सोडलं आणि म्हणाले, "खळ मी करतो. मैदा आहे शेवटी. मला मैद्यातलं कळत नाही असं कोण म्हणेल?"

मित्रांनो, असं कुणीच म्हणालं नसतं, आणि तिथेच घोळ झाला.

काकांनी पाण्यात मैदा कालवला. इथपर्यंत छान. हाताला सवयच ती, एक गुठळी झाली नाही. मग त्यांनी माझ्यात वाकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नुसतीच?" असं म्हणून त्यांनी साखर टाकली. मग वाटलं, साखर आहे तर चिमूटभर मीठ हवं. मग लोण्याचा गोळा. मग कपाटातून एक छोटी बाटली निघाली आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटातून व्हॅनिलाचा वास आला. फळीवरची भांडी माझ्याकडे बघत राहिली. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आतून मी ओरडत होते. काका, तुरटी! खिडकीत बघा!

काकांनी बोट बुडवून चव घेतली आणि समाधानाने मान हलवली. "आवडेल मुलांना."

आवडली. सोमवारी मुलं माझ्याभोवती जमली. गुंडीने बोट बुडवलं, चाटलं आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले.

"काका, ही कुठे लावायची?"

"मगरीला."

"सगळी?"

"हो, सगळी."

गुंडीने मगरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मगरीच्या वाट्याची खळ स्वतःला दिली. मग कुणी कुणाला आवरलं नाही. जुळ्या बहिणी एका हाताने कागद धरायच्या आणि दुसऱ्या हाताने खायच्या. भिंतीवर थोडे खवले लागले खरे, पण लोण्यामुळे ते हळूहळू खाली घसरत होते. जणू मगरीला घाम फुटला होता. मी मात्र चाटूनपुसून स्वच्छ झाले होते. धुवायची गरज नव्हती.

"काका, उद्या पण आणा," मुलं म्हणाली. काका बेकरीवाले असल्यामुळे त्यांनी ही स्तुती मनापासून घेतली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी काकांना बोलावून घेतलं. मुंग्यांची एक रांग दारातून आत येऊन मगरीच्या पोटापर्यंत चढली होती. घसरलेले खवले त्या उचलून नेत होत्या. एक आख्खा हिरवा खवला जमिनीवरून आपोआप चालल्यासारखा दिसत होता आणि मुलं टाळ्या वाजवत होती.

"काका, तुम्ही भिंतीला केक लावलात?"

"नाही हो! थोडासाच व्हॅनिला."

मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला. "खळ खायची नसते हो काका!"

"मग तिची का खात नव्हते?" काकांनी विचारलं. "तीही मैद्याचीच होती ना?"

हे मोठ्या बाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी कधी चाटून बघितली नव्हती.

घरी आल्यावर आक्कांनी विचारलं, "जमलं?"

"मुलांनी खाल्ली."

"खळ खाल्ली?" आक्का खो खो हसल्या. "अरे, बेकरीत कधी एवढा खप झाला नव्हता तुझा!" मग काकांचं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. "दुकानात बाटलीतला डिंक मिळतो बाबा. दोन बाटल्या आण आणि स्वतः चिकटव ती शेपटी."

"मुलं मला चिकटवू देत नाहीत. आणि तिने कधी बाटली आणली नाही, आक्का. काहीतरी घालत असणार ती. मी घोरत होतो. एकदाही विचारलं नाही, काय घालतेस म्हणून."

माझ्या पोटातली धुसफूस तुम्ही समजू शकता. वडी बशीत होती. बशी हातभर अंतरावर होती.

मग काकांनी ठरवलं, की खळ वाईट करायची. पण जन्मभर ज्याने चांगल्या चवीच्या मागे हात झिजवला, त्याला वाईट करणं सोपं जात नाही. त्यांनी साध्या खळीचे तीन भाग केले. एकात मूठभर मीठ, एकात शिरका म्हणजे व्हिनेगर, एकात कडक कॉफी. मला पिशवीत घालून आणि तीन वाट्या घेऊन ते बालवाडी सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहिले. गुंडी आईचं बोट धरून बाहेर आली.

"एक विचारू का?" काका तिच्या आईला म्हणाले. "हिला फक्त जिभेच्या टोकाला लावून बघायचंय. मैदाच आहे."

"लावा की. काल हिने खडू खाल्ला. तुमचं त्यापेक्षा बरंच असेल."

गुंडीने मिठाची चाखली. "ही रडल्यासारखी लागते."

शिरक्याची चाखली. "ही ओरडते."

कॉफीची चाखली. "ही आजोबांच्या कपातली."

"पण वाईट आहेत ना?"

"वाईट आहेत," गुंडी म्हणाली. "पण बाईंची वाईट नाही."

काका तिच्यासमोर उकिडवे बसले. "मग बाईंची वाईट कशी होती? आठवून सांग."

गुंडीने बोलायच्या आधी करून दाखवलं. डोळे गच्च मिटले, गाल आत ओढले, ओठांचा चंबू केला. "अशी. ती जीभ मागे ओढायची. एकदाच चाटायची, आणि मग काम करायचं."

काका घरी येईपर्यंत तोच चंबू करून चालत होते. शेजारपाजारचे लोक बघत होते. माणूस दुःखाने कामातून गेला, असं एकजण म्हणाला. मी पिशवीत होते, सगळं ऐकलं.

गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे शेवटची संधी. काका सकाळी खिडकीत आरसा टेकवून दाढीला बसले. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर फेस होता. विचारात हात चुकला आणि ओठाखाली वस्तरा लागला. थेंबभर रक्त आलं. काकांनी बशीतली तुरटी घेतली आणि ओठाखाली दाबली. थोडी ओठावर गेली. त्यांनी सवयीने जीभ फिरवली.

आणि मित्रांनो, माझ्यासमोर काकांचे डोळे गच्च मिटले, गाल आत गेले आणि ओठांचा चंबू झाला.

ते तसेच थांबले. मग हळूच डोळे उघडून आरशात बघितलं. आरशात गुंडीचं तोंड होतं, मिशांसकट.

"आक्का!" ते ओरडले.

आक्का धावत आल्या. "काय झालं? कापलं का?"

"जीभ ओढली!"

"कुणी ओढली?"

काकांनी वस्तरा खाली ठेवला. ते हातातल्या वडीकडे बघत होते. "आक्का, ही वडी ती होती तेव्हाची आहे. एरवी एवढ्यात संपून दुसरी येते. ही संपलीच नाही." त्यांनी वडी उलटी केली. रोज ते एकच बाजू गालाला लावत, ती गुळगुळीत होती. खालची बाजू त्यांनी कधी बघितलीच नव्हती. तिथे सुरीचे ओरखडे होते. आडवे, बारीक, एकाला लागून एक.

"चोरटी!" काका म्हणाले. आणि हसायला लागले. "माझ्या दाढीला राठ म्हणायची! मी त्या दुकानदाराला भेसळवाला म्हणालो गं आक्का, भर बाजारात! आणि ही इथून…" हसू मध्येच थांबलं. ते स्टुलावर टेकले. वडी दोन्ही हातांत धरून बसून राहिले. गालावरचा फेस वाळला तरी उठले नाहीत.

आक्का जवळ आल्या. त्यांनी शेगडीवर पाणी तापवलं, फडकं ओलं केलं आणि लहानपणी पुसला असेल तसा भावाचा गाल पुसला.

त्या संध्याकाळी काकांनी मला शेगडीवर ठेवलं. गार पाणी, मग मैदा. त्यांचा हात दोनदा साखरेच्या डब्याकडे गेला. दोन्ही वेळा आक्कांनी चमच्याने हातावर मारलं. खळ फदफदली, गॅस बंद झाला. मग काकांनी सुरी घेतली आणि वडीच्या खालच्या बाजूने, तिच्या ओरखड्यांना लागूनच, थोडी पूड खरवडली.

चव घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "अहाहा," ते म्हणाले, "काय घाण झालीय!"

शुक्रवारी वर्गात मोठ्या बाई हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. मुलं सोमवारच्या आठवणीने जिभल्या चाटत आली. गुंडी पुढे झाली. तिने बोट बुडवलं, चाटलं. आणि तिचा चेहरा जो काही झाला, तो बघून बाकीची मुलं दोन पावलं मागे सरली.

काका पुढे वाकले. "कशी आहे?"

गुंडीने डोळे उघडले. तिचं तोंड अजून सरळ होत नव्हतं. "वाईट!" ती ओरडली. "बाईंची वाईट! तशीच वाईट!"

मग प्रत्येकालाच चाखून बघायची होती. एकेक बोट माझ्यात बुडत होतं, एकेक चंबू होत होता, आणि ज्याचा चंबू झाला तो मुकाट्याने हिरवा कागद फाडायला बसत होता. काका भिंतीशी उभे राहून प्रत्येक चेहरा बघत होते. जन्मभर त्यांच्या हातचं खाऊन लोक हसले होते. पण त्या दिवशी एवढी वाकडी तोंडं बघून त्यांचा चेहरा जसा उजळला, तसा बेकरीत कधी उजळला नसेल.

शेपटी वाढू लागली. कुणी थांबायलाच तयार नव्हतं. भिंत संपली तरी खवले संपले नाहीत. शेपटी कोपऱ्यावरून वळली, व्हरांड्यात गेली आणि मोठ्या बाईंच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली.

"अरे, माझ्या खोलीत कुठे आणता!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"तिला तुमच्याकडे यायचंय," गुंडीने सांगितलं.

मुलं डबे खायला बाहेर गेली, तेव्हा मोठ्या बाई टेबलापाशी आल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि करंगळी माझ्यात बुडवली. चाटली. ताठ मोठ्या बाईंचाही चंबू झाला. मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि दोष काकांनी सांगितलेल्या तुरटीवर ढकलला. तुरटीने डोळ्यांना पाणी येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी मेळाव्याला पालक आले. खवले जागच्या जागी होते आणि एकही मुंगी फिरकली नव्हती. कुणाच्या तरी वडिलांनी काकांचा हात हातात घेतला. "खळ चांगली केलीत हो."

"चांगली नाही!" गुंडी मध्येच म्हणाली. "काकांना बाईंची वाईट येते आता!"

सोमवारी रंगारी आले. त्यांनी ब्रश भिजवले आणि भिंतीकडे बघून विचारलं, "ही मगर काढायची ना?"

"ती भिंत सोडा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आणि शेपटी? ती तर पार तुमच्या दारापर्यंत गेलीय. तिच्याभोवती कसं रंगवायचं?"

"नका रंगवू. माझं दार जुनंच बरं आहे."

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी काका माझ्यापाशी जागे असतात. तुरटीची वडी आता लवकर संपते. दुकानदाराकडे जाऊन काकांनी माफी मागितली. त्याला काही समजलं नाही, पण त्याने एक वडी कमी भावात दिली.

मित्रांनो, म्हातारी झाले, एवढं सांगून थांबते. माझ्यासारख्या पातेलीत खळ केलीत, तर ती वाळायच्या आत गार पाणी घालून ठेवा. वाळलेली खळ घासणीला जुमानत नाही, आणि घासून घासून आमचं अंग झिजतं. आणि आज घरी गेलात की ज्याच्या हातचं काही तुम्हाला आवडतं त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. विचारा, यात काय घालतेस? कसं करतोस? त्यांना सांगायला आवडतं, फक्त कुणी विचारत नाही. आम्हा भांड्यांच्या भरवशावर राहू नका. आम्हाला सगळं माहीत असतं, आणि आमचं तोंडही कायम उघडं असतं. पण त्यातून शब्द तेवढा बाहेर पडत नाही.